भाऊंचं खरं नाव

८ जानेवारी २००७, सोमवार

डोकं भणभणतंय.

सुट्टीनंतर आज गॅरेज उघडलं. पहिली गाडी ट्रेव्हरची, वॉरंटसाठी, म्हणजे सहामाही तपासणीला. हा दुधाचा टँकर चालवतो, पूर्वी हॅमिल्टनला होता. काउंटरमागे आमच्या मंडळाच्या दिवाळीचा फोटो आहे, तो बघत उभा होता. मी गाडीखाली. पण कान माझे कायम वर! त्याची शिट्टी मध्येच थांबली. बाहेर आलो.

"हा इथे कसा?" बोट भाऊंवर.

म्हटलं, आमच्या शनिवारच्या मराठी शाळेत पेटी शिकवतात. पोरांना.

"पोरांना?" मग खाली बघत, हळू— तिकडे 'ते रापा'च्या डेअरीत आम्ही एका शिफ्टला होतो. आत जाऊन आलाय तो, मेट. लहान मुलीच्या बाबतीत. नाव छापायला कोर्टाची बंदी आहे, हे मी सांगितलं म्हणू नकोस.

"नाव काय पण त्याचं?"

"आम्ही 'बाऊ'च म्हणायचो."

घ्या!

माझी नात अनुष्का, आठ वर्षांची, दर बुधवारी भाऊंच्या घरी पेटी शिकायला जाते. एकटी. मीच सोडतो. वर "घ्या हो सांभाळून" म्हणतो!

९ जानेवारी

सुनेला सांगितलं. अनुयानं आधी उद्याचा पेटीचा क्लास बंद केला. मग दोघांनी मिळून, गप्पा मारल्यासारखं, अनुष्काला विचारलं. भाऊआजोबा काय करतात गं?

"ही गिव्ज अस हीप्स ऑफ लॉलीज. नॉट मी बट. ही सेज आय अ‍ॅम टू लाउड, आजोबा."

म्हणजे गोळ्या बाकीच्या पोरींना, हिला नाही, कारण हिचा आवाज मोठा. देवा, हिला जन्मभर अशीच कोकलू दे!

पण मग हळू बोलणाऱ्या पोरी? शाळेतल्या एकेक डोळ्यांपुढून गेल्या. 

१० जानेवारी

पोलीस स्टेशनला गेलो. मला वाटत होतं, अमेरिकेसारखी अशा गुन्हेगारांची यादी असेल— नाव टाकलं की फोटो, पत्ता, सगळं समोर. यादीच नाही! तसं बिल आलं होतं, म्हणाली काउंटरवरची कॉन्स्टेबल, पार्लमेंटात पडून आहे. काही लोकांनी इंटरनेटवर आपली आपण यादी केली आहे, पण कोर्टानं दाबलेलं नाव तीत कुठून येणार? मंडळाला पोलिसांकडून माणूस तपासून घेता येतो, पण त्याला त्या माणसाचीच सही लागते. चोराला विचारून चोरी शोधा!

बाई चांगली होती. तक्रार नीट लिहून घेतली.

"नाव?"

"भाऊ."

"मिस्टर बाऊ?"

"नाही हो, भाऊ म्हणजे ब्रदर."

"तुमचा ब्रदर?"

"माझा नाही! सगळ्यांचा!"

तिनं पेन खाली ठेवलं. आडनाव पाटील. आमच्या मंडळातच सात पाटील. बाहेर येऊन गाडीत बसलो आणि स्टिअरिंगवर मूठ आपटली. चार वर्षं ओळखतो ह्या माणसाला. माझ्या घरी पुरणपोळी खाऊन गेलाय. नाव माहीत नाही!

११ जानेवारी

त्याच्या गाडीचा नंबर टाकून पाहिला. ह्या देशात नंबर द्या, थोडे पैसे भरा, मालकाचं नाव मिळतं. गाडी बायकोच्या नावावर. वसुंधरा पाटील. फोन, घर, मंडळाची वर्गणी— सगळं वहिनींच्या नावावर. हुशार आहे.

१३ जानेवारी, शनिवार

जॉन्सनव्हिलला किराणा आणायला गेलो, तर समोर भाऊ! तिळाचं पाकीट हातात. तोंडावर हसू आणलं. धंद्यात ते शिकलोय.

"भाऊ, पाळण्यातलं नाव काय हो तुमचं?"

"पाळण्यातून उतरून पन्नास वर्षं झाली, राजारामशेठ! आता कशाला परत घालताय?"

आणि हसत हसत खिशातून गोळी काढून शेजारच्या बाईच्या पोरीच्या हातावर ठेवली. आई म्हणते, "थँक्यू म्हण काकांना." काका! आम्ही दिसेल त्या पुरुषाला काका करतो, मामा करतो, भाऊ करतो. नातं फुकट वाटतो, आणि मग त्याला काही विचारायची चोरी.

मी तिच्या आईला बाजूला घेतलं आणि तोंड उघडलं. काय सांगणार? एका टँकरवाल्यानं सांगितलं? "पोरीला जपा," म्हणालो. ती घाबरली— मला!

१५ जानेवारी

अध्यक्षांना फोन केला. डॉ. चंद्रशेखर. म्हटलं, तीन फेब्रुवारीला शाळा उघडायच्या आत सगळ्या शिकवणाऱ्यांची पोलीस तपासणी करू. माझीपण.

"राजाराम, आपल्याच लोकांवर पोलीस घालायचे?"

म्हटलं, डॉक्टर, पोरं पण आपलीच आहेत.

"पुरावा काय? उद्या हे बाहेर गेलं तर मंडळाचं नाव जाईल. उगाच कुणाला नावं ठेवू नये."

नाव जाईल! नावं ठेवू नये! अहो, ठेवायला आधी नाव तरी असू द्या! शेवटी म्हणाले, "सत्तावीसला सभा आहे, काही ठोस असेल तर आणा." आवाज असा, की मी बिल वाढवून मागतोय.

१६ जानेवारी

इथे दर सहा महिन्यांनी गाडीचं वॉरंट. टायर जरा गुळगुळीत झाला, दिवा एक बंद असला, की मी नापास करतो, आणि लोक मुकाट दुरुस्त करून आणतात. कायदा आहे! आणि पोरांच्या खोलीत कुणाला सोडायचं त्याला काही नाही. फक्त हार्मोनियम आली पाहिजे.

१८ जानेवारी

सुचलं! वसुंधरावहिनी बोलताना नवऱ्याला "हे" म्हणतात, "आमच्याकडचे" म्हणतात. नाव कधीच नाही. पण शनिवारी आमच्याकडे संक्रांतीचं हळदी-कुंकू. उखाणा घेतल्याशिवाय बायका कुणाला सोडत नाहीत.

बायकोला, कल्याणीला, सांगितलं, तर भडकली. "लाज नाही वाटत? माझ्या हळदी-कुंकवात पोलिसगिरी?" आमची पस्तीस वर्षांत झाली नसतील अशी भांडणं झाली. मग अनुष्का आतून काहीतरी गात गात गेली. तिच्याकडे बघून कल्याणी म्हणाली, "घ्यायला लावते नाव."

२० जानेवारी, शनिवार

फसलं! सगळं फसलं!

मला घराबाहेर काढलं होतं. शेडमध्ये बसून होतो. बायका गेल्यावर कल्याणी आली, चेहरा कसनुसा. म्हणाली, वहिनी नाही नाही म्हणत होत्या. सगळ्या मागेच लागल्या, "नाव घ्या, नाव घ्या, लाजता काय ह्या वयात!" तेव्हा उठल्या आणि म्हणाल्या—

तिळगूळ वाटला दारोदारी, दार माझंच आतून लावलेलं,
मृदुलाचं नाव घेते, इतकी वर्षं गिळून ठेवलेलं.

बायका हसल्या. "अगं बाई, मुलीचं काय घेतेस, नवऱ्याचं घे की!" वहिनींनी वाण खाली ठेवलं आणि चपला घालून गेल्या.

मृदुला त्यांची मुलगी. क्राइस्टचर्चला असते म्हणे. आमच्यातल्या कुणी पाहिलेली नाही.

म्हणजे नवऱ्याला वाचवलं बाईनं. मुलीच्या नावाआड लपवलं. सामील आहे ही!

२१ जानेवारी

ठरलं. नाव नाही तर नाही, तोंड तर आहे! दिवाळीच्या फोटोतून भाऊंचा चेहरा मोठा करून पोस्टर छापायला दिलं. "पालकांनो, सावध. पाटील. सध्या जॉन्सनव्हिल, पूर्वी हॅमिल्टन." शाळेच्या हॉलच्या दारावर लावणार, किराणा दुकानात लावणार, देवळात लावणार. करा म्हणावं केस!

कल्याणी बोलत नाही.

२३ जानेवारी

पोस्टरांचा गठ्ठा घेऊन पोलीस स्टेशनला गेलो. लपूनछपून करणारा मी नव्हे, सांगून लावणार होतो. तीच कॉन्स्टेबल. तिला सगळं ऐकवलं, उखाण्याची फजितीसुद्धा. आमच्या बायका वर्षातून एकदा नवऱ्याचं नाव घेतात, आणि ह्या बाईनं तेपण घेतलं नाही!

"मग कुणाचं घेतलं?"

"स्वतःच्या पोरीचं."

 मग गठ्ठ्यावर हात ठेवून म्हणाली, "तुमच्या माणसाबद्दल मी एक शब्द सांगू शकत नाही. पण अशा केसमध्ये बापाचं नाव कोर्ट का दाबतं, माहीत आहे? बापासाठी नाही. बापाचं छापलं की पोर कोण ते सगळ्यांना कळतं."

बापाचं, म्हणाली. मी 'बाप' हा शब्द काढलाच नव्हता.

गाडीत येऊन बसलो. वहिनींनी नाव घेतलं होतं, त्या लहान मुलीचं. भर बायकांत, हातात वाण घेऊन, मोठ्यानं सांगितलं होतं. आणि आम्ही हसलो! मी— ज्याला इंजिनातली टकटक बोनेट न उघडता ऐकू येते!

पोस्टरं गॅरेजमागच्या ड्रममध्ये घालून पेटवली.

२५ जानेवारी, रथसप्तमी

वहिनींना फोन केला. भाऊंचं नाव विचारलं नाही. "मृदुला कशी आहे?" एवढंच.

तिकडे दार लावून घेतल्याचा आवाज. मग— "इथे आल्यापासून हे विचारणारे तुम्ही पहिले." परवा सभेला येते म्हणाल्या. "ह्यांना पोरांपासून लांब करायला काय सांगावं लागेल ते मी सांगेन. नाव मात्र मागू नका, भावोजी. ते तिचंही आहे."