ऑक्टोपसच्या मडक्यासारखं झालेलं काळीज

धाकट्या बहिणीस, मासुयोस, थोरल्या हात्सुएचे आशीर्वाद. खाडीच्या पलीकडच्या किनाऱ्यावर सगळी खुशाल असाल. तुझे गुडघे कसे आहेत? नऊ वर्षं आपण बोललो नाही, त्यामुळे ते जुनेच आहेत की बदललेस, ठाऊक नाही. (लिहिते आहे माझी सून, रिए. मी सांगते, ती गाळते. गाळलेलं तू ओळखशीलच.)

मी बारा दिवस इस्पितळात होते. त्याचं असं झालं, मासळी बाजाराला जाताना बोटीतून तुमचा धक्का दिसला. त्यावर ऑक्टोपस धरायची तुझी चाळीसही मडकी तोंडं खाली करून ओळीनं मांडलेली. आपल्या खाडीत ऑक्टोपसची मडकी पालथी कधी घालतात, ते तुला सांगायला नको: मालकीण गेली की, सात दिवस. मी बर्फाच्या पेटीवर जी बसले, ती इस्पितळातच उठले.

डॉक्टर कुराहाशी (मिशी अजून उगवायच्या विचारात आहे) म्हणाले, "आजी, रक्ताच्या नळ्या साफ आहेत." मग चित्र दाखवलं. काळजाची मान आवळलेली, बूड फुगलेलं. "याला आम्ही ऑक्टोपसचं मडकंच म्हणतो." मी म्हटलं, "मान फार अरुंद आहे. चांगला ऑक्टोपस आत शिरायचा नाही." मग बिचाऱ्यानं समजावलं. मोठा धक्का बसला की अंगात ॲड्रिनलिन नावाच्या रसाचा लोंढा येतो. तो झेलणाऱ्या जागा काळजाच्या खालच्या टोकाशी जास्त, म्हणून टोक बधिर होऊन फुगतं आणि वरचा भाग एकटाच आवळत बसतो. पाळी गेलेल्या बायकांना हे जास्त होतं. नक्की का, ते अजून शोधताहेत म्हणे. "जवळचं कुणी वारलं का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "छे, ओळखीची एक बाई." रिए खिडकीबाहेर बघायला लागली.

दुसऱ्या दिवशी मुलानं तुमच्याकडे फोन केला, तेव्हा कळलं, तुला काही झालेलं नाही. तुझ्या ओसाकाच्या जावयानं मडक्यांवरचे शिंपले खरवडले आणि पाणी निथळायला ती पालथी घातली. कारखान्यातला माणूस, त्याला कोण सांगणार? खरं तर सासूनं, ती जिवंत असेल तर. मला हसू आलं, पण डॉक्टरांनी बेतानं हसायला सांगितलं. अती आनंदानंही काळजाचं असंच होतं म्हणे.

आईच्या समुद्रातल्या जागेवर मडक्यांचा दोर कुणी टाकायचा, त्या नऊ वर्षांपूर्वीच्या भांडणाबद्दल मी काही बोलत नाही. चूक तुझीच होती. (रिए, हे गाळू नकोस.)

ता. क. पत्राला तसं काही कारण नाही. जावयाला मडकी आडवी वाळवायला सांग, एवढंच.

आणखी एक. डॉक्टर म्हणतात, टोक हळूहळू हलायला लागलंय, थोड्याच दिवसांत काळीज अगदी पूर्वीसारखं होईल. पूर्वीसारखं झालं की मी काही तुला बोलावणार नाही. तपासणी पुढच्या गुरुवारी आहे. त्याआधी ये.