आठव्या पानावरचा रट्टा

माय, तुझ्यावर एक पुस्तक निघतंय. तुला वाचता येत नव्हतं, म्हणून मीच सांगते. लहान मुलांचं आहे, पानभर चित्र आणि खाली दोन ओळी. मुलं आईबापांना कामात कशी मदत करतात, अशा पुस्तकांचा एक संच गावोगावच्या वाचनालयांसाठी तयार होतोय. एकात मुलगी बापाच्या सायकलच्या दुकानात पंक्चर शोधते, एकात मुलगा आईबरोबर चामोर्शीच्या बाजारात भाजी मांडतो. तिसरं तुझं. म्हणजे तुझं आणि धाकटीचं. तिनं सांगितलं, संस्थेच्या एका मुलीनं लिहून घेतलं, आणि मी वरोऱ्याला आयुष्यभर मराठी शिकवली म्हणून भाषा तपासायला माझ्याकडे पाठवलं. पुस्तकात आई आहे, मुलगी आहे, चुलीवर रेशमाचे कोसे उकळायचं मडकं आहे, दारातली बकरीसुद्धा आहे. मी नाही.

मी आधी माझ्या सवयीनं चुका काढल्या. चित्रात तू चरख्यावर बसलीस आणि लुगडं थेट घोट्यापर्यंत. मी समासात लिहिलं, ‘रेशीम मांडीवर वळतात. चरखा खोडा. लुगडं गुडघ्याच्या वर हवं.’ लिहिताना मला ती ओसरी दिसते. तू भिंतीला टेकून बसली आहेस, डावा पाय लांब, मांडी उघडी, तिच्यावर चिमूटभर राख चोळलेली. उकळून मऊ झालेल्या चार-पाच कोशांमधून तू बारीक तंतू ओढतेस, तळव्यानं मांडीवर एकदा घासतेस आणि त्यांचा एक धागा होऊन लाकडी फिरकीवर जातो. वर्षानुवर्षं घासून तिथे घट्टा पडला होता, तळहाताएवढा, गुळगुळीत. धाकटी त्यावर गाल ठेवून झोपायची. मी अकरा वर्षांची होते, वर्गात पहिली यायची, आणि मला तो घट्टा हवा होता. एका दुपारी मी तुझ्याशेजारी बसले, झगा वर घेतला, दोन तंतू मांडीवर ठेवले. तू माझा हात धरून बाजूला केलास. “ऊठ. तुले का करायचं हे? घट्टा पडला तं कॉलेजातल्या पोरी हासतीन. पुस्तक घे.” कॉलेज तेव्हा मी पाहिलंही नव्हतं. तू माझं ताट घासायचीस, मला विहिरीवर पाठवायची नाहीस, आणि सगळ्यांना वाटायचं मी लाडकी. धाकटीला मात्र दिवसभर हाका. राख आण, मडकं पाह्य, जाळ कमी कर. मी आत धडा वाचत बसायचे आणि तिला मारलेल्या तुझ्या प्रत्येक हाकेचा मला राग यायचा.

आठव्या पानावर मडक्याची गोष्ट आहे. ‘एकदा माझ्या हातून सोडा जास्त पडला. सगळे कोसे लगदा झाले. आईने मला रट्टा दिला. मग आईने मला जवळ बसवले.’ भाषेची चूक एकही नाही. पण सोडा तिच्या हातून पडला नव्हता, माय. तू पाणी आणायला गेली होतीस, ती बकरीमागे पळाली होती. राखेच्या पाण्यात धुण्याचा सोडा चिमूटभरच टाकतात हे मला तुला बघून बघून माहीत होतं. मी मूठ भरून टाकला आणि आत जाऊन भूगोल उघडला. आठवड्याचं काम गेलं. तू काडीनं मडकं ढवळून पाहिलंस, धागा कुठेच उठेना. “कोनं केलं हे?” माझ्याकडे तू पाहिलंसुद्धा नाहीस, मी तुझ्या हिशेबातच नव्हते. धाकटी आठ वर्षांची, मडकं तिच्या जिम्मे. ती रडत म्हणाली, “मीच टाकला असन. मले याद नाई.” तू तिच्या पाठीत रट्टा घातलास. मला वाटलं, आता तू हिला बाजूला करशील आणि मला हाक मारशील. तू तिचं नाक पुसलंस आणि म्हणालीस, “आता माया नजरेसमोरून हालायचं नाई. बस इथी.” त्या दिवसापासून ती तुझ्या मांडीला मांडी लावून बसली. तुझ्या शेवटच्या दिवसापर्यंत बसली. मी कॉलेजला निघाले तेव्हा तू मला पेन घेतलंस. तू जगातून जाताना फिरकी तिला दिलीस.

परवा मी तिला फोन केला. सांगायचंच असं ठरवून केला होता.

“बाई, वाचलं का वं? जास्त चुका नको काढू. तू तं आरतीतही लाल पेन मारशीन.”

“ते आठवं पान,” मी म्हटलं. “रट्ट्याचं. ते राहू द्यायचं का?”

“काऊन? माया सगळ्यात आवडीचं पान हाय ते. तो सोडा पडला नसता तं मायनं मले कायले जवळ घेतलं असतं? दिवसभर हाकाच मारल्या असत्या. नातीले रोज तेच सांगतो मी.” मग हसली. “तुले नाई समजायचं. तू तं लाडाची होती.”

मी म्हटलं, समासात चित्राबद्दल लिहिलंय तेवढं संस्थेच्या मुलीला बघायला सांग. आणि फोन ठेवला. सांगितलं असतं तर खरं बोलल्याचं पुण्य मिळालं असतं, असं कोणी म्हणेल. मी स्वतःला चांगली ओळखते. मला खरं बोलायचं नव्हतं. मला त्या पानावर जागा हवी होती. तिच्याकडे तुझ्याजवळची एवढी वर्षं आहेत, आणि त्या वर्षांच्या सुरुवातीला माझी मूठ आहे, हे तिला कळावं, तिच्या नातीला कळावं, आणि तिचा आवडीचा दिवस निदान अर्धा तरी माझा व्हावा. साठी उलटलेल्या बाईला हे शोभत नाही. शोभत नाही, तरी आहे.

काल पुस्तक परत पाठवलं. जवळजवळ प्रत्येक पानावर माझ्या खुणा आहेत, आठवं पान कोरं आहे. हे पत्र तुझ्या नावानं लिहिलं तरी वाचणारी आता एकच उरली आहे, आणि तिला मी ते पाठवणार नाही. सोडा टाकल्याची मला लाज वाटते, ती वाटतच राहील. पण माय, त्याहून जास्त काय वाटतं ते सांगते आणि थांबते. तो रट्टा माझा होता. अजूनही मला तो हवा आहे.