गोड्या घळीची सात नावे

मी, गौतम लवू घाडीगावकर, वय वर्षे त्रेपन्न, धंदा लोकांची टिंगल करणे (कागदोपत्री: लेखन), राहणार लालबाग, जुन्या चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरचा चौदावा मजला, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. हृदयात दोन स्टेंट आहेत, पण कायदा हृदयाची चौकशी करत नाही. मला कोणी धाक घातलेला नाही की लालूच दाखवलेली नाही. दडपण आहे ते लाजेचे, आणि ते आत्ताच नोंदवून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी हरकत घ्यायला नको. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. आपण मरू असे वाटलेच नव्हते.

कलम १. राहती जागा माझी पत्नी सुचित्रा हिच्या नावे. त्या जागेवर कोणाचाही हक्क, वाटा किंवा सल्ला चालणार नाही. विशेषतः माझ्या कुडाळच्या चुलतभावांचा सल्ला.

कलम २. बँकेत जे काही निघेल ते सुचित्रा आणि मुलगी अक्षदा यांना निम्मे निम्मे. रक्कम येथे लिहीत नाही, कारण हा कागद चारचौघांत वाचला जाईल आणि माझा रुबाब थोडा जास्त आहे.

कलम ३. संगणक अक्षदाला. तीस वर्षांची सदरांची कात्रणे माळ्यावर तीन खोक्यांत आहेत, ती रद्दीत द्यावीत. "बाबा, एवढं लिहिलंत, त्यात एखादा तरी माणूस खूश झाला का?" असे तिने एकदा विचारले होते. उत्तर: संपादक, दोनदा.

कलम ४. आता मुख्य मिळकत. ती जमिनीवर नाही.

गोडी घळ ही समुद्रातली एक गुहा. वरळीच्या दांडीपासून, म्हणजे समुद्रात घुसलेल्या खडकाळ टोकापासून, पश्चिमेला तीन दिवस आणि एक रात्र होडी हाकली की ती लागते, असे म्हणतात. लागलेली कोणी पाहिली नाही. वर्षातून एकदा, मोठ्या अमावास्येच्या ओहोटीला, तिचे तोंड घटकाभर पाण्याबाहेर येते. आत सोने नाही, मोती नाहीत. आत झरा आहे, गोड्या पाण्याचा. भर खाऱ्या समुद्रात पिण्याचे पाणी. हिरू नावाच्या एका कोळ्याच्या पोरीला ती पहिल्यांदा सापडली. हिरूने दुसऱ्याला वाट दाखवली, दुसऱ्याने तिसऱ्याला. अट एकच: ज्याने वाट दाखवली त्याचे नाव घेऊन आत शिरायचे, आणि त्याला ज्याने दाखवली त्याचेही, असे करत पार हिरूपर्यंत.

मग चाच्यांना कळले. पहिले आले काळ्या शिडांचे. त्यांनी घळीत तोफा नेऊन ठेवल्या. भरती आली आणि तोफा, तोफखाना आणि तोफेवर बसून हुक्का ओढणारा सरदार सगळेच घळीचे झाले. दुसरे आले शिंपल्यांची चिलखते घालणारे. त्यांनी तोंडाला लोखंडी दार बसवले; खाऱ्या हवेने ते दोन वर्षांत खाल्ले. काळी शिडे पुन्हा आली, मग तिसरी टोळी. चाळीस वर्षे मारामारी चालली. आणि जो जिंकेल तो घळीच्या तोंडाशी उभा राहून ओरडे, "ही मी शोधली." पाणी तेव्हा गोडच लागे. पिंपे भरून गलबते निघत, आणि तिसऱ्या दिवशी पिंपातले पाणी खारे होई. पुढे कित्येक वर्षे कोळ्यांना भर समुद्रात गलबते सापडत: पिंपे काठोकाठ भरलेली, आणि माणसे तहानेने मेलेली.

ही गोष्ट माझी नाही. हे वाक्य लिहायला मला बावीस वर्षे लागली.

कलम ५. गोष्ट सखुबाई नाखवा यांची, वरळी कोळीवाड्यातल्या. त्यांचा मुलगा रघू माझा मित्र. ब्याऐंशीच्या संपात माझ्या वडिलांची गिरणी बंद पडली तेव्हा आई, सुभद्रा, टोपली घेऊन सुकी मासळी विकायला निघाली. तिला भारी बोंबील आणि हलका बोंबील यांतला फरक कळत नव्हता. सखुमावशीने तिला शेजारी बसवून शिकवले, आपल्या गिऱ्हाइकांतली चार घरे दिली. मी तेव्हा दहा वर्षांचा. पावसाळी मासेमारीबंदीत जाळी दुरुस्त करता करता मावशी घळ सांगायची. सुरुवात ठरलेली: आधी नावे. मला हिने सांगितलं, हिला तिने, तिला त्याने, अशी सात नावे, सुईच्या एकेका टाक्याला एक. मग घळ. नावे न घेता सांगितली तर जाळे फाटते म्हणायची. नावे चालू असताना मी आणि रघू पळून जायचो आणि चाचे आले की परत यायचो.

२००३ साली आमच्या गल्लीच्या मंडळाला गणपतीत हलता देखावा करायचा होता. लेखक घरचा, फुकटचा. मी घळ दिली. मंडळाचा सेक्रेटरी वैभव म्हणाला, "पाण्यासाठी कोण रांग लावणार रे? सोनं टाक." पहाटे चारला नळावर हंड्यांच्या रांगा लावून मोठी झालेली आम्ही पोरे, आणि आम्हाला हे पटले. झऱ्याच्या जागी पेटारा आला. कवटीच्या डोळ्यांत लाल बल्ब आले. सात मिनिटांच्या ध्वनिफितीत सात नावांना पाऊण मिनिट लागत होते. ती कापली गेली, आणि त्या जागी माझ्याच भारदस्त आवाजात आले: "संकल्पना, कथा आणि लेखन, गौतम घाडीगावकर." अकरा दिवस, दर सात मिनिटांनी.

हे कमी होते म्हणून मी एक फितूर चाचाही घातला. देखाव्याच्या दोन वर्षे आधी रघूने मला होडीतून नेले होते, मला उलट्या झाल्या, आणि त्याने ती हकीकत अख्ख्या धक्क्यावर नकलेसह सांगितली होती. तो राग. रघू बोलताना उजव्या कानाची पाळी ओढतो. माझा फितूर तेच करायचा. त्याच्या कोपरात मोटर होती. देखाव्यासाठी स्वतःची जुनी होडी आणि दोरखंड टेम्पोत घालून आणले होते रघूने. त्याच होडीत उभा राहून तो पुतळा अकरा दिवस कान ओढत होता. रघूने पाहिले आणि मोठ्याने हसला. म्हणाला, "गौत्या, साल्या, मला सोन्याचा दात तरी लावायचास." कोळीवाड्यात त्याच्या मुलाला, कल्पेशला, पुढे बरीच वर्षे 'फितुराचा' म्हणत. हे रघूने मला कधी सांगितले नाही. मासळी घेताना सुचित्राच्या कानावर आले.

सखुमावशी सातव्या दिवशी आल्या. ओळखीने आत घेतो म्हटले तर ऐकेनात. चार तास रांगेत उभ्या राहिल्या. पूर्ण ऐकले. बाहेर मी उभाच होतो, कौतुक गोळा करायला. त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "बरा बोलतंस रं. पाणी खारं लागलं पण." आणि गेल्या. त्यानंतर त्यांनी घळ कोणाला सांगितली नाही. सहा वर्षांनी वारल्या. मी मयतीला गेलो होतो आणि तिथे त्यांच्यावर चांगले बोललो. चांगले बोलणे मला जमते.

कलम ६. निळी पेन्सिल, ड्रॉवरमध्ये आहे, ती वैभवला द्यावी. "नावं वैभवने कापली, लाईन अडते म्हणून," असे मी बावीस वर्षे सांगत आलो. वैभवने सोने टाक म्हटले, एवढाच त्याचा गुन्हा. नावे या पेन्सिलीने मी कापली. त्याच्यावरचे आरोप येथे मागे घेतो. मंडळाच्या वर्गणीबद्दलचे आरोप कायम आहेत.

कलम ७. देखाव्याला त्या वर्षी एका स्पर्धेत 'उत्कृष्ट मूळ कथा' म्हणून पितळी ढाल मिळाली. अर्जासोबत लेखी हमी लागत होती: कथा स्वतंत्र असून तिच्यावर अन्य कोणाचाही हक्क नाही, दोन साक्षीदार. रघू मंडपात प्लास्टरने हात बरबटून उभा होता. मी कागद पुढे केला. "कसली सही?" "मंडळाचं असतं रे काहीतरी, दोरखंडाचं वगैरे." "तू सांगतोस ना, मग झालं." त्याने कोणाच्या तरी पाठीवर कागद ठेवून सही केली. म्हणजे आईची गोष्ट आईची नाही, असे मी मुलाकडूनच लिहून घेतले.

ढाल सध्या गॅसशेजारी लायटर ठेवायच्या कामी येते. ती रघूला. जाळ्याला वजन म्हणून लावली तर मला बरे वाटेल, पण मला बरे वाटावे यासाठी त्याने काही करण्याचे कारण नाही.

कलम ८. गेल्या महिन्यात एका कंपनीने गोडी घळ मोबाइलवरच्या खेळासाठी मागितली. अक्षदाने करार छापून आणला. त्यात तेच वाक्य होते, या वेळी इंग्रजीत: अन्य कोणाचाही हक्क नाही. खाली साक्षीदारांच्या दोन रेघा. मी पहिल्या रेघेवर रघूचे नाव लिहून मोकळा झालो, आणि मग आपण काय लिहिले ते पाहिले. हात इतका सरावला होता. तो करार मी फाडला. सुचित्राला वाटले, छातीत दुखतेय.

म्हणून: गोडी घळ, तिच्यातले पाणी, चाचे, तोफा व दरवाजा यांसह संपूर्णपणे रघुनाथ पांडुरंग नाखवा यास देत आहे. सोबत सात नावे खालीलप्रमाणे.

१. सखुबाई नाखवा.

येथे मी थांबलो आहे. पुढची सहा मला येत नाहीत. हिरू सोडून एकही नाही. ज्या कागदावरून कापली तो कागद उंदरांनीही ठेवलेला नाही. नावांशिवाय घळ परत करणे म्हणजे खाऱ्या पाण्याची पिंपे परत करणे. आणि ती नावे ज्याला येत असतील असा एकच माणूस आहे, म्हणजे मरून तोंड चुकवण्याचा माझा बेतही गेला. उद्या शनिवार. बंदी चालू आहे, होड्या किनाऱ्यावर आहेत. रघूला बोलावतो.

पुढील मजकूर शनिवारी दुपारी लिहिला.

रघू आला. सुचित्राने पाण्याचा तांब्या-पेला ठेवला. मी म्हटले, साक्षीदार म्हणून सही हवी आहे. त्याने खिशातून पेन काढले. "दे. कुठं?"

"आधी वाच."

"तू सांगतोस ना."

"रघू, वाच."

त्याने चष्मा लावला आणि ओळीखाली बोट धरून वाचायला घेतले. पाऊण तास लागला. कलम पाचला त्याचा हात कानाकडे गेला, आणि मध्येच थांबून खाली आला. ते मी पाहिले, आणि त्याने मी पाहिल्याचे पाहिले. कलम सात त्याने दोनदा वाचले.

"आयशीला माहीत होतं? मी सही केली ते?"

"नाही. म्हणजे मी सांगितलं नाही."

"ढाल घेतानाचा तुझा फोटो तिनं बघितला पेपरात. खाली लिहिलेलं कल्पेशनं वाचून दाखवलं." त्याचे बोट अजून कलम सातवरच होते. "मी साक्षीदार म्हणून. माझं नाव पण होतं काय त्यात?"

नव्हते. ते मी सांगितले.

मग त्याने बोट कलम आठवर नेले. "हे काय? माझ्या नावावर?"

"तुमचीच आहे."

"आमची कसली? हिरूनं पण कधी माझी म्हटलं नाही. तू माझ्या नावावर करशील, मी कल्पेशच्या करीन, मग तो दार बसवील लोखंडी. खोड ते."

खोडले. कलम आठमधील देणगी रद्द. (ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये असे वकील सांगतात. ढालही तो नको म्हणाला. ती लायटरखालीच राहील.) त्याऐवजी: गोडी घळ कोणाचीच नाही. कोणीही सांगावी, लिहावी, तिचा खेळ करावा. आधी नावे घ्यावीत. माझे नाव त्यांत येणार नाही, कारण मी वाट दाखवली नाही, वाट पुसून टाकली. हे शेवटचे वाक्य ऐकून रघू म्हणाला, "परत भाषण नको." तेही खोडणार होतो. राहू दे म्हणाला.

मग मी नावे विचारली. तो बोटांवर मोजू लागला, हवेत टाका घालावा तसे बोट हलवत. आईचे धरून चार आली. पाचव्याला अडला. पुन्हा पहिल्यापासून घेतली, पुन्हा तिथेच. "पळायचो ना आपण," तो म्हणाला. "मला वाटायचं, आयस हाय तवर कशाला. मग ती सांगायचीच बंद झाली." कल्पेशला फोन लावला, त्याला देखावा तेवढा आठवत होता, मूळ गोष्ट त्याने कधी ऐकलीच नव्हती. आजी सांगायची असे त्याला माहीतही नव्हते.

जी आहेत ती रघूने स्वतःच्या हाताने लिहिली:

१. सखुबाई नाखवा
२. तिची आते पुतळाबाई
३. पुतळाबाईची सासू चांगुणा
४. चांगुणाचा बापूस धर्मा तांडेल
५.
६.
७. हिरू

पाच आणि सहा या जागा कोऱ्या ठेवल्या आहेत. त्या कोणी भरू नयेत. अंदाजाने नाही, सुचले म्हणून नाही, आणि माझ्यासारख्याने तर मुळीच नाही. घळ सांगणाऱ्याने तेथे दोन टाक्यांएवढे गप्प राहावे, आणि कोणी का म्हणून विचारले तर माझे नाव सांगावे. कथेच्या संदर्भात माझे नाव घेण्याची ही एकच जागा.

जाण्याआधी रघू पेला उचलून पाणी प्यायला. कसे लागले ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

या कागदाप्रमाणे सर्व करण्याची जबाबदारी अक्षदावर सोपवतो. वरील सर्व मजकूर मी लिहिला, नावांची यादी सोडून. खाडाखोड माझ्या संमतीने झाली. आणि आम्ही तिघांनी एकमेकांसमोर सह्या केल्या.

मुक्काम लालबाग, मुंबई
दिनांक १२ जुलै २०२५

(सही) गौतम लवू घाडीगावकर

साक्षीदार:

१. डॉ. सुरुची सीताराम तावडे, तेरावा मजला. मृत्युपत्र करणाऱ्यास मी आज तपासले. शुद्धीवर आहेत. रक्तदाब जास्त आहे.
(सही)

२. रघुनाथ पांडुरंग नाखवा, वरळी कोळीवाडा. या वेळी वाचून सही केली.
(सही)