वाघोजी मरू नये

एकोडी,
२७ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. चंदास,
ताईचे अ. उ. आ., अन् एक ताकीद: हे पत्र कोणाले दाखवू नको.

कागदावर लिहून राहिली म्हणून हसू नको. फोनवर लिहिलं की त्याचा फोटो गावभर फिरते, हे मले यंदा समजलं.

दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत मागच्या वर्षीचंच नाटक पुन्हा ठेवलं आहे. गावाच्या नाटकवाल्या ग्रुपवर मी एवढंच लिहिलं, की यंदा तरी वाघोजी पाटील मरू नये. तो मेला तेव्हा मले दोन दिवस भात गोड लागला नाही. झालं! ग्रुपचे मालक भैयाजी मास्तर. त्यायनं लिहिलं, की सुशीलसारख्या देवमाणसाले, सख्ख्या भावाले घराबाहेर काढणारा नीच माणूस ज्या बाईले आवडते, तिच्या पोटात काय असंल ते देवच जाणे. अन् मले काढून टाकलं.

आता धान कापताना बाया विचारतात, रुखमाबाई, आज विळ्यानं कोणाचा नंबर? सून हर्षा म्हणते, घराची अब्रू गेली, स्टेजवरून माफी मागा, नाहीतर मास्तर मांडवात बसू देणार नाहीत. प्रवीण आईकडेही नाही, बायकोकडेही नाही, मोबाइलकडे पाहते.

काय करू ते लिही. ग्रुपमधून काढलं तरी तू मनातून काढू नको.

तुझी ताई,
रुखमा


अड्याळ,
१ नोव्हेंबर २०२५

ती. ताईस,
चंदाचा शि. सा. न. वि. वि. विळा दूर ठेवून वाचावं.

हे भैयाजी मास्तर तेच ना, ज्यायचा बांध दर नांगरटीले शेजाऱ्याच्या वावरात थोडा थोडा सरकते? मग त्यायले साधुपुरुष सुशीलच आवडणार. आपण घरी करतो तेच पाहायले कोण तिकीट काढते?

पण खरं सांग, त्या मेल्यात तुले दिसते काय? अन् माफी मागणार असशील तर मी रुसली, असं समज.

रागावली तरी तुझीच,
चंदा


एकोडी,
९ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. चंदास, अ. उ. आ.

परवा मंडईत नाटकाच्या आधी मास्तरांनी माफीसाठी माइकवरून माझं नाव पुकारलं. मी पदर सारखा करून उठली, तेवढ्यात नाटकाचा मॅनेजर धावत आला. वाघोजीचं काम करणारा केवळराम शहापूरजवळ हायवेवर गाड्यांच्या रांगेत अडकला होता. ठरलं, की त्याच्याबिगर सुरू करायचं.

काय सांगू! सुशील मधल्या भावाले म्हणे, दादा, शेत तू घे. दादा म्हणे, नाही, तू घे. दोघंही घेईनात. सुशीलनं तेच गाणं तीनदा म्हटलं. आई आशीर्वाद देऊन देऊन थकली. माणसं चिवड्याच्या दुकानाकडे निघाली. तेव्हा पहिल्या रांगेतून कोण ओरडलं असंल? भैयाजी मास्तर! म्हणे, अरे, त्या वाघोजीले आणा रे कोणी!

केवळराम आला तो अर्धीच मिशी लावून, अन् आल्या आल्या भावाच्या ताटाले लाथ. मांडवभर शिट्ट्या. माझ्या बाजूची शिट्टी हर्षाची होती, तोंडात दोन बोटं घालून!

माफीची कोणाले आठवण राहिली नाही. मले होती. मी काय बोलणार होती ते तुले सांगतो. सगळ्यायले वाढून मग जेवण्यात माझा जनम गेला. वाघोजी लाथ मारते तेव्हा लाथ त्याची, पण हलकं मले वाटते. घरी येऊन मी ताटं घासतोच ना!

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी मले ग्रुपमध्ये परत घेतलं. मी आपल्या हातानं बाहेर पडली.

वाघोजीसकट मले सांभाळून घे.

रुखमा


अड्याळ,
१३ नोव्हेंबर २०२५

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून धीर आला म्हणून लिहितो. आमच्या मंडईतल्या नाटकात एक काकू आहे. गोड हसते अन् खिरीत जहर कालवते. ती आली की बाजूच्या गिरजाबाई बोटं मोडतात. मीही मोडतो, पण डोळे तिच्या चमच्यावर. कसं कालवते, ताई! एक थेंब सांडत नाही.

ह्यायनं काल खीर मागितली. दोन वाट्या खाल्ल्या, अन् मले विचारलं, काहून हसून राहिली?

हे पत्र चुलीत घाल, माया मात्र राहू दे.

चंदा