फिकट पाल्याचे बटाटे

प्रिय ठमे,

तुझं चार ओळींचं पत्र मिळालं. माती तपासायची नोकरी सोडतेस म्हणे. सख्ख्या बापाला पटवता आलं नाही, तर परक्यांना काय सांगणार, असं लिहिलंयस. वाईट वाटलं, आणि थोडं हसूही आलं. रागावलीस की अगदी बापावर, म्हणजे माझ्या धाकट्या भावावर जातेस. तुम्ही दोघंही नाकावर माशी बसू देत नाही.

आता इथलं ऐक. तू गेलीस तेव्हा विहिरीकडचा तुझा अर्धा तुकडा, युरिया कमी आणि पोटॅश जास्त घातलेला, फिकट दिसत होता. तुझ्या बापाचा अर्धा, भरपूर युरिया ओतलेला, इतका दाट हिरवा की सऱ्या दिसेनात. शेजारी बांधावर उभे राहून विचारायचे, पोरीने पीक उपाशी ठेवलंय का? त्या चेष्टेनेच त्याचं डोकं फिरलं आणि तो तुला नको ते बोलला.

मग आठवडाभर धुकं पडलं. दाट पाल्याखाली दुपारपर्यंत ओल राहायची. करपा रोग आधी तिथेच शिरला. फवारणी दोन्हीकडे सारखीच केली होती, तरी त्याच्याकडची पानं काळी पडून लोळली आणि कुजका वास सुटला. डाग तुझ्याकडेही पडले, नाही असं नाही, पण आत वारा खेळत होता, पाला तगला. काढणीला तुझे बटाटे जरा लहानच निघाले, खोटं कशाला बोलू? पण घट्ट सालीचे होते, कोठीत टिकले. त्याचे दिसायला मोठे, पण निम्मे सडले. ते मी त्याच्याबरोबर उचलून फेकले. 

 एक दिवस तो तुझा एक बटाटा खिशात घालून शेजाऱ्याकडे गेला. कुणी पिकवला ते दोनदा सांगितलं म्हणे.

पत्र लिहायचं कारण पुढेच आहे. लावायच्या बेण्याला कोंब आलेत, सगळ्यांच्या लागवडी उरकल्या, आमचं रान नांगरून तसंच पडलंय. मी विचारलं, तर म्हणाला, "ती आल्याशिवाय खताचं पोतं उसवायचं नाही. किती घालायचं ते तिला विचारायचंय." तुला कळवू नको असं बजावलंय, म्हणूनच कळवतेय. नोकरीचं काय ते नंतर ठरव, आधी घरी ये.

तुझीच,
तुझ्या बापालाही न घाबरणारी
आत्या