शाबूत डोळ्यांचा भाऊ

मनिला,
६ जानेवारी १९९९

ती. थोरले बंधू मानोंग दुलो यांस,
तुमचा हात कपाळाला लावून सा. न. वि. वि.

सुकी मासळी पोचली. डबा प्रयोगशाळेतच उघडला, तेव्हापासून सगळा मजला माझ्या नावाने बोटं मोडतो आहे.

बातमी चांगली आहे. पाच वर्षांपूर्वी मी घरच्यांचं रक्त तपासलं, तेव्हा आपले वडील, तातय, ज्या दोषाने आंधळे झाले तो तुमच्यातही निघाला होता. पण तुमच्या नजरेची तपासणी मात्र निर्मळ आली. या रोगात डोळ्याच्या पडद्यातल्या, अंधारात पाहणाऱ्या पेशी आधी मरतात. मग त्यांच्या शेजारच्या निर्दोष पेशीही मरू लागतात. नजर कडांकडून मिटत येते. तुमच्या डोळ्यांत मात्र शेजारी एकमेकांना सांभाळून घेतात, असं माझं म्हणणं आहे. माझ्या लेखात तुमचं नाव नाही, फक्त ‘शाबूत डोळ्यांचा भाऊ’ आहे. वीस वर्षांची मेहनत त्याच्यावर उभी आहे. मार्चमध्ये ती परिषदेत मांडायला मला बोलावलं आहे. तुमच्या लेकीला, रोसेंदाला, तपासायची घाईही मी त्यामुळेच केली नाही.

तुमची,
लुडी

बालिगांग,
१५ जानेवारी १९९९

चि. लुडीस अनेक आशीर्वाद.
देवमातेच्या कृपेने इकडे सर्वजण खुशाल.

दोन फेब्रुवारीच्या सणाची तयारी चालू आहे. आजोबा, तातय आणि आता मी, देवमातेच्या होडीचं सुकाणू आपल्याच घराकडे आहे, याचा मला अजून संकोच वाटतो. काल होडी रंगवताना पायाशी ठेवलेला डबा लवंडला. रोसेंदा म्हणाली की होडी राहू द्या, चिखल छान रंगवलात. शेजारची मानांग बिसिंग माझ्यावर रुसली आहे. तिने आल्याच्या चहाचा पेला पुढे केला आणि मी घेतला नाही, म्हणून सुकाणू धरून याला गर्व चढला असं ती घाटावर सांगत फिरते. देवाशपथ, तिने पेला धरला होता हे मला कळलंच नाही. संध्याकाळी होडी मासेमारीच्या बांबूंवर आदळली. हल्ली लोक बांबू कुठेही रोवतात.

तू वेळेवर जेवत जा. तुझ्यासाठी रोज जपमाळ ओढतो.

तुझा,
दुलो

मनिला,
२२ जानेवारी १९९९

ती. मानोंग यांस सा. न. वि. वि.

तुमचं पत्र चार वेळा वाचलं. मानांग बिसिंगने पेला बाजूने धरला होता ना? आणि बांबू तिथे किती वर्षांपासून आहेत?

आज तुमच्या तपासणीचा जुना कागद काढला. तळाशी यंत्राचा शेरा आहे, की ठिपका नसतानाही बटण दाबलं गेलं. तेव्हा तो मी वाचला नाही. दुसऱ्या कुणाचा कागद असता तर पहिल्यांदा तोच वाचला असता. मानोंग, त्या दिवशी तुम्ही काय केलंत, ते खरं सांगा.

काहीही सांगा, पण यंदा सुकाणू धरू नका. होडीत तीस माणसं असतात आणि निघेपर्यंत अंधार पडतो. सण झाला की मी येते. तुम्हाला तपासते, रोसेंदालाही.

लुडी

बालिगांग,
३ फेब्रुवारी १९९९

चि. लुडीस अनेक आशीर्वाद.

तू खरं विचारलंस, म्हणून खरं लिहितो. त्या यंत्रात तोंड घालून बसवलं आणि बाईने सांगितलं की ठिपका दिसला की बटण दाबा. गावच्या शाळेत सहावीपर्यंत शिकलेला मी, परीक्षा म्हटली की नापास व्हायची भीती. मनात देवमातेचा धावा केला. थोड्या वेळाने लक्षात आलं, ठिपक्याच्या आधी यंत्र टक् करतं. मला वाटलं, देवमाताच कानात उत्तर सांगते आहे. मग मी आवाजावरच बटण दाबत गेलो. बाहेर आलो तेव्हा तुझा चेहरा असा फुलला होता की पुढे कधी सांगवलं नाही. तुझी मेहनत मी बुडवली. परिषदेत जाण्याआधी हे सगळ्यांना सांग, माझ्या नावासकट.

सुकाणूही सोडलं. पाद्रीबाबांना तसं सांगितलं. मग मान घरातच राहावा म्हणून काल ते रोसेंदाच्या हाती दिलं. वीस वर्षांची पोर, कोवळे डोळे, असा विचार केला. तू येईपर्यंत थांबायला हवं होतं.

मी तिच्या पायाशी बसलो होतो. समोर नजर ठेवून तिने होडी सरळ नेली. मूर्ती पुढून जाईपर्यंत काठावरचं कुणी तोंड उघडत नाही, ही आपली रीत तुला ठाऊक आहेच. मधल्या वळणावर ती वाकून माझ्या कानाशी म्हणाली की यंदा एकही माणूस आला नाही, पोरगी सुकाणू धरते म्हणून गाव रुसलं की काय.

मला थट्टा वाटली. मान पूर्ण वळवून मी आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे. दोन्ही काठांवर सगळं गाव उभं होतं. प्रत्येकाच्या हातात पेटती मेणबत्ती होती.

तिला मी हो म्हणालो, रुसलंय खरं.

पत्र मिळताच निघ. माझ्यावर लोभ आहेच, आता त्यातला मोठा वाटा तिला दे.

तुझा,
दुलो