तडा गेलेली स्क्रीन

प्रिय खारूताई,

लॅपटॉप सुरू झाला. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर मी दोन वाक्यांच्या पुढे जात नाही हे तुला माहीत आहे, आणि आज दोन वाक्यांत भागणार नाही.

तू आईचे दिवस करून परत गेलीस त्याला तीन आठवडे झाले. घर जसं होतं तसंच आहे. तिची चाकांची खुर्ची दवाखान्याला परत दिली, औषधं एका पिशवीत बांधली. लोक येतात, "रडून घ्या, मोकळे व्हा" म्हणतात. मी मान हलवतो. रडू काही येत नाही. दाताच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिल्यावर गाल जसा आपला राहत नाही, तसं सगळं अंग झालंय. चहा प्यालो की नाही हे कप बघून ठरवावं लागतं.

अशाच एका दुपारी कपाट आवरताना लॅपटॉप हाती लागला. उघडून लावला. मधोमध तड्यांचं कोळ्यासारखं जाळं, डावीकडे शाई सांडल्यासारखा काळा डाग, उजवीकडे उभ्या रंगीत रेघा. शेजारच्या शिवणवाल्या ताई डबा द्यायला आल्या होत्या. म्हणाल्या, "काका, दुकानात टाका की! या वयात कशाला नसती उठाठेव?" मी म्हटलं, "तीस वर्षं विजेचे मीटर उघडले आणि मिटले, हे काय वेगळं?" त्या म्हणाल्या, "पण फुटला कसा?" मी म्हटलं, "पडला." दुकानातही हेच विचारलं असतं. म्हणून घरीच करायचं ठरवलं.

पहिल्यांदा फसलो. नुसतं माप सांगून ताईंच्या फोनवरून स्क्रीन मागवली. आली ती जुळी बहीण शोभावी अशी, पण वायर जोडायची जागा वेगळी, काही केल्या बसेना. परत पाठवली. मग सुचलं, मागवण्याआधी जुनीच्या पाठीवरचा नंबर वाचायला हवा होता. पुन्हा उघडायला बसलो, या वेळी नीट. बॅटरी सुटी केली. चौकटीच्या कोपऱ्यांतली रबरी बटणं सुईने उचलली, त्यांच्या खालचे स्क्रू काढले. चौकट मग नुसती खाचांत अडकलेली असते, जुनं प्लास्टिकचं कार्ड कडेने सरकवत नेलं की कटकट करत सुटते. प्रत्येक 'कट'ला वाटतं, गेली मोडून. तिच्या आत स्क्रीनचे आणखी चार स्क्रू. ते काढून ती टॉवेलावर पालथी घातली, तर पाठीवर नंबर आणि तळाशी चिकटपट्टीखाली चपटी वायर. ती ओढायची नसते. पट्टी सोलायची आणि टोक सरळ मागे सरकवायचं. हात अजून स्थिर आहेत. काचेचा एक कण अंगठ्यात शिरला, रक्त दिसलं तेव्हा कळलं.

वायर सोडवताना तुमचे रविवार आठवत होते. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून आईचे शब्द गेले. फोन कानाला लावला की ती गोंधळून माझ्याकडे बघायची. तिला चेहरा लागायचा. म्हणून तू हा लॅपटॉप पाठवलास आणि दर रविवारी चारला तुमचा दरबार भरायला लागला. तू आठवड्याभराचं सांगायचीस, ती डाव्या हाताने उत्तरं द्यायची. मी शेजारी बसून दुभाष्याचं काम करायचो. "आई विचारते, जेवलीस का" असं मी सांगितलं की तू म्हणायचीस, "बाबा, ती केस का कापलेस म्हणतेय!" आणि दोघी मला हसायच्या. तिचं अर्धंच तोंड हसायचं, पण हसायचं.

मग तो रविवार. तू सांगितलंस की नवऱ्याचं घर सोडलंय, लेकीला घेऊन वेगळी राहतेयस. मी काय काय बोललो ते तुला पाठ असेल. लोकांना काय तोंड दाखवू, असंही म्हणालो, जणू लोक माझं तोंड बघायला रांग लावून उभे होते. तू तिथे रडत होतीस. आईने डावा हात उचलला होता, तुझ्या गालाकडे. मी झाकण आपटलं. कीबोर्डवर माझा चष्मा होता. तर लॅपटॉप पडला नव्हता.

आज दुपारी नंबर जुळणारी स्क्रीन आली. चौकट लावायच्या आधी फक्त वायर आणि बॅटरी जोडून बघितलं. उजेड आला. मला आनंद व्हायला हवा होता, मी नुसता बघत बसलो. मग नेट जोडलं आणि एकेक करून तुझे कॉल उगवायला लागले, न उचललेले. रविवार, चार वाजता. त्याच्या आधीचा रविवार, चार वाजता. मी वर सरकवत गेलो, संपेनात. मला वाटलं होतं, दुसऱ्या दिवशी फोनवर मी जे बोललो त्यानंतर तू थांबली असशील.

निघताना दाराशी तू विचारलंस, "बाबा, आई शेवटपर्यंत रागावलेली होती का माझ्यावर?" आणि मी चपला शोधायला लागलो. त्याचं उत्तर द्यायला हे पत्र. नाही. "आईला तुझं तोंडही बघायचं नाहीये" हे मी फोनवर ऐकवलेलं वाक्य आईचं नव्हतं. तिला वाक्यच येत नव्हतं, खारूताई. राग माझा होता, तो मी तिच्या नावावर खपवला, आणि तू बापाच्या शब्दावर विश्वास ठेवलास. दर रविवारी चार वाजले की ती टेबलाकडे बोट दाखवायची. मी म्हणायचो, "बिघडलाय गं." ती माझ्याकडे बघायची आणि पुन्हा बोट दाखवायची. दवाखान्यात नेण्याच्या आदल्या दिवशीही दाखवलं. दुरुस्तीचं काम सगळं मिळून एका दुपारचं निघालं. त्या रविवारनंतरच्या सात महिन्यांत मी तिला ती एक दुपार दिली नाही. माफी मागण्याची माझी लायकी आहे का, ते तू ठरव. तुझी आई तुला बघायला मागत होती, एवढं मात्र तुला ठाऊक असायला हवं.

तू ठेवशील तर तुझाच,
बाबा